जवाईबापूचा भोंगा

मोटार ठरवायची तर ती निवृत्तीनंच, असं निवृत्तीचंच मत होतं! मोगलाईत तो एकदा सरकी विकायला जाऊन आला होता, त्यामुळे अख्ख्या साखरखेर्ड्यात परदेशाचा जाणकार तोच. आणि मोगलाई म्हणजे परदेशच की. आपल्याकडं इंग्रजाचा साहेब, तिकडं निजामाचा. नाका वेगळा, नाणं वेगळं, टपालाचं तिकीटसुद्धा वेगळं.

जायचं होतं मोगलाईतल्याच औरंगाबादला, पोरगी पाहायला. भगवानरावांची कोकिळा. निवृत्तीनं तिला सिंदखेडराजाच्या एका लग्नात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याला भाजीत मीठ आहे की नाही तेही कळत नव्हतं. भगवानरावांचा निरोप साफ होता. गुरुवारी दिवस मावळायच्या आत या. त्याच दिवशी पैठणचे पाव्हणेही यायचे आहेत. जे आधी येतील त्यांना पोरगी आधी दाखवू, जमलं तर दुसऱ्यांना नुसता चहा.

बाप पंजाबराव म्हणाले, जालन्यापर्यंत बैलगाडी आणि पुढं रेल्वे. निवृत्ती हसला. रेल्वेनं काय, कोणीही येतं. आपण मोटारीतून उतरू, पैठणवाल्यांची तोंडं पाहण्यासारखी होतील.

जालन्यात अब्दुल गनीची मोटार ठरली. दाढीला मेंदी, बोलणं मोजकं, आणि गाडी अशी पुसायचा जसं काही बारशाचं पोर. त्याची एकच अट होती. गाडीत कशालाही हात लावायचा नाही. निवृत्तीनं छातीवर हात ठेवून सांगितलं की आम्ही घरंदाज माणसं आहोत, आम्हाला काय करायचंय हात लावून.

मंडळी चार. निवृत्ती, पंजाबराव, शालिग्राममामा, आणि निवृत्तीच्या थोरल्या बहिणीचे यजमान वामनराव. म्हणजे घरचे जवाईबापू. आणि जवाईबापू म्हणजे चुलीवरचं दूध. नजर हटली की उतू!

निवृत्तीनं बैलगाडीचा हिशेब लावला. बैलगाडीत पुढं बसतो गडी, आणि मानाचा माणूस मागं गादीला टेकून. म्हणून भाऊजींना मागं बसवलं. मामा अंगानं आडवे, मागं मावत नव्हते, म्हणून ते पुढं अब्दुल गनीच्या शेजारी.

इथंच सगळा घोळ झाला. बदनापूरला चहाला थांबले तर हॉटेलवाल्यानं मामांना वाकून सलाम केला आणि पहिला कप त्यांच्या हाती दिला. मोटारीत साहेब पुढं बसतो, एवढं त्याला माहीत होतं. वामनरावांनी आपला कप खाली ठेवला आणि बाकड्यावर बसले ते बसलेच. पंजाबरावांनी विचारलं, काय झालं? वामनराव समोरच्या लिंबाकडं पाहून म्हणाले, "कुठं काय. जा तुम्ही. मी राहतो इथंच. मामाले मान पुरला पाह्यजे ना."

पाऊण तास मिनतवाऱ्या झाल्या तेव्हा कुठं जवाईबापू उठले आणि पुढच्या जागेवर बसले. मामा मागं कोंबले गेले. पंजाबराव जवळजवळ त्यांच्या मांडीवर.

थोडा वेळ बरा गेला. मग वामनरावांच्या ध्यानात आलं की अब्दुल गनी एक रबरी फुगा दाबतो, पों होतं, आणि बैलगाड्या, म्हशी, एवढंच काय गावचा कोतवालही बाजूला होतो. म्हणजे खरा मान इथं आहे!

"निवृत्ती, काऊन बे, मले पुढं बसवलं ते कायले? त्याच्याजवळ चाक आहे, भोंगा आहे. मी का बाहुलं आहो?"

सूर्य कलायला लागला होता. निवृत्तीनं अब्दुल गनीपुढं हात जोडले. अब्दुल गनीनं विचारलं, बैल भाड्यानं घेतला म्हणून त्याचं शेपूट कोणाच्याही हातात देतात का? पण निवृत्तीचं तोंड पाहून तो विरघळला.

"ठीक आहे. भोंगा जवाईसाहेबांचा. आता मी त्याला हात लावणार नाही. पण भोंगा वाजल्याबिगर गाडी गर्दीत घालणार नाही. उसूल आहे आपला."

मग काय! जवाईबापूंनी बाभळींना भोंगा दिला, कावळ्यांना दिला, मैलाच्या दगडांना दिला. मारुतीच्या देवळापुढं दोनदा दिला, नमस्कार म्हणून. शेवटी मामांना राहवलं नाही. ते हसत म्हणाले, की जवाईबापूंना लहानपणी खुळखुळा मिळाला नव्हता वाटतं.

वामनरावांनी भोंग्यावरचा हात काढला. आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावर मेंढरं आली. रस्ता पांढरा झाला. अब्दुल गनीनं गाडी थांबवली. जवाईबापू भोंगा वाजवेनात आणि अब्दुल गनी गाडी हलवेना. एका गाडीत दोन रुसवे! एक मेंढी चाक चाटायला लागली. मेंढपाळानं वाकून आत पाहिलं, सगळ्यांची तोंडं बघितली आणि हळू आवाजात विचारलं, कोण वारलं?

निवृत्तीनं मागून हात घालून भोंगा धरला. वामनरावांनीही धरला. ओढाओढीत रबरी फुगा फुस्स करून वामनरावांच्या हातात आला.

अब्दुल गनीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. म्हणाला, "झाली गाडी मुकी. मुकी गाडी मी गर्दीत नेत नाही."

निवृत्तीनं मावळतीकडं पाहिलं. पैठणचे पाव्हणे कोकिळेच्या हातचा चहा पिताहेत असं त्याला स्पष्ट दिसलं. तो उतरला, धोतर खोचलं, मेंढरांत शिरला आणि जीव खाऊन ओरडला, "पों!"

मेंढरं हलली. अब्दुल गनीनं समाधानानं मान डोलवली आणि गाडी सोडली. उसूल पाळला गेला होता.

मोकळ्या रस्त्यावर निवृत्ती गाडीत, गर्दी आली की खाली. औरंगाबादेत तर सगळीच गर्दी. फेटा सुटून गळ्यात, तोंडावर धूळ, निवृत्ती पुढं पों पों करत पळतोय आणि मागं मोटार अशी डुलत येतेय, जशी देवाची पालखी. वर वामनरावांच्या सूचना. "लांब ओढ बे जरा. भोंगा असा तुटका नसते."

भगवानरावांच्या गल्लीत शिरतात तो पुढं टांगा. टांग्यात नवे फेटे, मांडीवर पेढ्यांचा पुडा. पैठणचे पाव्हणे! निवृत्तीनं उरलासुरला सगळा श्वास गोळा करून असा भोंगा दिला की टांगेवाल्यानं मागं न बघता घोडा बाजूला घेतला. मोटार पुढं निघाली. दारात भगवानराव उभे होते. त्यांच्या पायाशी निवृत्ती बसला, म्हणजे पडलाच.

आत पाणी झालं, गूळ झाला, कोकिळा येऊन बसली. भगवानरावांनी मुलाचं नाव विचारलं. निवृत्तीनं तोंड उघडलं तर नुसतीच हवा. आवाज संपला होता. पंजाबरावांना काही रचून सांगता येईना, म्हणून त्यांनी सगळं खरंखरं सांगून टाकलं. पडद्यामागं बायका हसल्या. कोकिळा पडद्याच्या अलीकडं होती, ती तर पदर तोंडात धरूनही थांबेना. तशीच उठून आत पळाली.

भगवानराव आत गेले. बराच वेळ आले नाहीत. निवृत्तीचा जीव पाटावर बसल्याबसल्या अर्धा झाला.

मग ते बाहेर आले. म्हणाले, "पोरगी हो म्हणते. माझी एकच अट आहे. लग्नाला मोटार आणायची नाही. आपलं बैलगाडीनं या."

पंजाबरावांनी सुटकेचा श्वास टाकला. मामांनी गुळाचा आणखी एक खडा उचलला. निवृत्तीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

वामनरावांनी घसा खाकरला.

"ते ठीक आहे. पण मंग कासरा कोणाच्या हाती राहीन?"

निवृत्ती उठला आणि धोतर खोचायला लागला.