अण्णांची आत्या काय म्हणाली

दिनांक: सोलापूरच्या गड्ड्याची जत्रा उठल्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी अकरा. स्थळ: सोसायटीचा हॉल. उपस्थित: मी (सेक्रेटरी, त्यामुळे इलाज नव्हता), बी विंगमधले अण्णा बिराजदार, तळमजल्यावरच्या नरसम्मा आणि भजी आहेत असं कळल्यामुळे वेळेवर आलेले सहा सभासद. विषय: एकोणीस सेकंदांचा चित्रपट पाहणे.

अण्णा टीव्ही बघतात तो आवाज बंद करून. बातम्या, क्रिकेट, कीर्तन, सगळं मुकं. एकदा मी पाण्याच्या टाकीची नोटीस द्यायला गेले, तर पडद्यावर दोन पुढारी एकमेकांच्या अंगावर धावून जात होते आणि अण्णा खुर्ची पुढे ओढून त्यांचे ओठ निरखत होते.

"अण्णा, आवाज?"

"आवाज काय, कुणालाही असतो," अण्णा म्हणाले. "आमच्या आत्याला त्याची गरज पडली न्हाय."

इथे आत्याची माहिती देणं भाग आहे. सोसायटीत राहायला येणाऱ्या प्रत्येकाला ती मिळतेच, पार्किंगची जागा मिळो न मिळो. आत्याचं नाव रुद्रम्मा, गाव अक्कलकोटकडचं. मूकपटात ती झाली 'मिस हिरण्यलता'. केस गुडघ्यापर्यंत, डोळे एवढे की कॅमेरावाला दचकायचा. तिने केलेल्या चित्रपटांची संख्या मी वेळोवेळी टिपून ठेवली आहे. गणपतीत नऊ होते, दिवाळीत अकरा झाले, आणि एक रिटायर्ड प्राचार्य भाड्याने राहायला आले त्या दिवशी चौदा. ज्या बाईला जाऊन पन्नासेक वर्षं झाली, तिची कारकीर्द अशी जोमाने वाढताना मी पहिल्यांदाच पाहिली.

मग बोलपट आले. आत्याची आवाजाची परीक्षा झाली. 'महाराज, क्षमा करा' एवढंच म्हणायचं होतं. तिने ते अशा कन्नड हेलात म्हटलं की महाराजांनाच हसू फुटलं. ती सोलापूरला परतली आणि उखळात शेंगाचटणी कुटून विकू लागली. आईबाप गेलेल्या पुतण्याला, म्हणजे अण्णांना, तिने त्या चटणीवर वाढवलं.

चित्रपट एकही उरला नव्हता. कुणी "पुरावा?" म्हटलं की अण्णा असे बघत, जणू त्याने आपल्याच आईचा दाखला मागितलाय. पण जत्रेच्या आधी जुने चित्रपट जमवणाऱ्या पुण्याच्या एका माणसाला भंगारात रिळाचा तुकडा सापडला आणि त्याने तो अण्णांच्या मोबाइलवर पाठवला. आत्या! एका राजापुढे उभी, डोळ्यांत अंगार, आणि ओठ हलताहेत. ती काय म्हणतेय, एवढंच अण्णांना हवं होतं. त्यांनी तो तुकडा किती वेळा पाहिला असेल, त्याची नोंद मात्र माझ्याकडे नाही. एवढी वर्षं मुका टीव्ही बघून ओठ वाचायचा अभ्यास केला, आणि ऐन परीक्षेत अण्णा नापास.

म्हणून ही सभा. "दहा डोळे बघतील तर एकाला तरी कळंल की," अण्णा म्हणाले. मी डोळ्यांची मोजणी दुरुस्त करून अठरा केली आणि तुकडा हॉलमधल्या टीव्हीवर लावून दिला.

सभासदांनी मनापासून सहकार्य केलं. एकाला 'पापी राजा' दिसलं, दुसऱ्याला 'बाबा राजा', तिसरा म्हणाला, भजीत मीठ कमी आहे. अण्णांचं स्वतःचं मत 'माझ्या शीलाला हात लावू नकोस' असं होतं. ओठांच्या तेवढ्याशा हालचालीत ते बसत नव्हतं, पण आत्याला काही अशक्य नव्हतं.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून नरसम्मा खुदकन हसल्या. नरसम्मा सभेत बोलत नाहीत. त्यांना कुणी काही विचारतही नाही, हा आमच्या सभांचा नियमच म्हणा ना.

"काय झालं, नरसम्मा?"

"अय्यो ताई, ती शील-बिल काय न्हाय बोलत. कानडीत 'मीशी बिच्च्याद, हिडकोरी' म्हनतंय ती. त्या राजाची मिशी सुटलीय की! धरा म्हनतंय."

पुन्हा लावलं. राजाचा हात खरोखरच ओठाकडे गेला. हॉल हसून कोसळला. अण्णांचा चेहरा मात्र मी पाहिला.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"गिरणीत मागावर तीस वर्सं काम केलं की, अण्णा. खात्यात आवाज किती! कानात वरडलं तरी ऐकू येत न्हाय. सगळ्या बाया तोंड बघूनच बोलतेत. माझ्या शेजारच्या मागावर कन्नड बाई होती, तिचं समदं गाऱ्हाणं मी डोळ्यांनी ऐकलं."

अण्णा त्याच गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. पगारपत्रकं, हजेरी, रजा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. अंगण ओलांडलं की तीनशे बाया ओठ वाचत बसलेल्या, आणि साहेब घरी जाऊन क्रिकेटवाल्यांकडून ही विद्या शिकत होते. मी हे बोलून दाखवणार होते. बरं झालं नाही बोलले.

कारण सभासद भजी संपवून गेले आणि अण्णा खुर्ची ओढून नरसम्मांच्या समोर येऊन बसले.

"अजून एक वाचून दे," ते म्हणाले. "पिक्चर न्हाय. मीच करून दाखवतो."

आणि त्यांनी आवाज न काढता ओठ हलवले. आधी पसरले, मग उघडले, मिटले, पुन्हा उघडले, शेवटी गोल झाले. इतकं सफाईने, जसं रोज आरशासमोर घोटलेलं असावं. तसंच होतं ते.

आत्याला शेवटी अर्धांगवायू झाला. वाचा गेली. आठ दिवस ती अण्णांकडे बघून हेच ओठ हलवत होती. पाणी दिलं, तिने मान हलवून नाही म्हटलं. उशी बदलली, मान हलवली. आठव्या दिवशी गेली. अण्णांनी तेवढी हालचाल पाठ करून ठेवली, कधीतरी कुणीतरी वाचेल म्हणून.

नरसम्मांनी पदर नीट केला. "तेव्हा त्येंच्या तोंडात दात होते का?"

"न्हवते."

"मग तुमी पण कवळी काढा की."

मी बशी पुढे केली. अण्णांनी कवळी काढून ठेवली आणि पुन्हा ओठ हलवले. नरसम्मांनी दोनदा करायला लावलं. मग हळू म्हणाल्या, "नी एनर माताडो."

अण्णांना अर्थ सांगावा लागला नाही. मला कन्नड येत नाही. मी नरसम्मांकडे पाहिलं.

"तू तरी काय तरी बोल, म्हनतंय," त्या म्हणाल्या.

"मी आठ दिवस बोललोच न्हाय," अण्णा म्हणाले. दातांविना शब्द फुसफुसत होते. "लक्ष दिलं तर कळंल, म्हणून. एक शब्द बोललो न्हाय."

संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. "सेक्रेटरीबाई, आता आत्याशी बोलायचं म्हटलं तर काय काय बोलायचं? लई वर्सांचं साचलंय. तुमी यादी चांगली करता."

मी वही घेतली. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. गिरणी बंद पडली. उखळ विकलं नाही. लग्न केलं नाही, बघायला गेलो होतो दोनदा. मोतीबिंदू काढला. शेजार बरा आहे, सेक्रेटरी जरा कडक आहे. असे सतरा मुद्दे झाले. सर्वांत वर त्यांनी एक जागा कोरी ठेवायला सांगितली. पहिलं वाक्य स्वतः लिहीन म्हणाले.

यादी त्यांच्या हाती देऊन तीन आठवडे झाले. काल जिन्यात विचारलं, "अण्णा, सुरुवात झाली का?"

"बसतो रोज आत्याच्या फोटोपुढं," ते म्हणाले. "उद्या करतो."

पहिली ओळ अजून कोरी आहे.