सर्वांना लेखकाची भेट

शनिवारी दुपारी पुस्तकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बाई खुर्च्या मांडत होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ त्याच खोलीची मापं घेत होता. दुकान दोघांचं. पुढे पुस्तकं विकायची आणि मागे दर शनिवारी एखाद्या लेखकाला बोलावून गप्पा करायच्या, हा बाईंचा नऊ वर्षांचा शिरस्ता. या नऊ वर्षांत श्रोत्यांचा उच्चांक अकरा होता. त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आला होता.

“या भिंतीला लॅमिनेशनचं मशीन, त्या भिंतीला झेरॉक्सची दोन,” भाऊ टेप गुंडाळत म्हणाला. “आज वीस माणसं आली नाहीत, तर सोमवारी मशीनं येतील. ठरलंय आपलं.”

“येतील वीस,” बाई म्हणाल्या आणि एकविसावी खुर्चीही मांडली. नंतर ती हळूच उचलून ठेवली.

भाऊ तसा वाईट नव्हता. सकाळी बाईंनी दारातल्या फळ्यावर ‘ज्येष्ठ कादंबरीकारांचे सर्जनप्रक्रियेविषयी मुक्त चिंतन’ असं लिहिलं, तेव्हा त्यानेच त्यांना थांबवलं होतं.

“ताई, हे वाचून माणूस रस्ता ओलांडेल.”

“इकडे यायला?”

“तिकडे जायला.”

त्याने ओलं फडकं फिरवलं, खडू घेतला आणि मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं : ‘आज सहा वाजता. लेखकाची भेट. सर्वांना. मोफत.’ बाईंना ते फारच उघडंबोडकं वाटलं, पण व्याकरणात चूक काढता येईना.

पाच वाजताच कोपऱ्यावरचे लॉन्ड्रीवाले काका दारात उभे राहिले. मागे त्यांची बायको आणि दोन मुली.

“लेखकाची भेट इथेच मिळणार ना?”

“इथेच. या ना, बसा.”

“माणशी एक भेट, की घरटी एक?”

बाईंना भरून आलं. नऊ वर्षांत लेखकाबद्दल इतकी आस्था कुणी दाखवली नव्हती. “घरटी कशाला? प्रत्येकाची वेगळी भेट घडवू की.”

काकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पर्समधून दुसरी पिशवी काढली. पिशव्या घेऊन माणसं पुस्तकं न्यायला आली आहेत, हे पाहून बाईंचा ऊर दाटून आला.

पाठोपाठ शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. “भेट नाजूक आहे का हो? मी स्कूटरवर आलेय.”

“विषय नाजूक आहे थोडा,” बाई म्हणाल्या, “पण झेपेल तुम्हाला.”

मग औषधांच्या दुकानातले कंपाउंडर आले, त्यांचे सासरे आले, सासऱ्यांचा फिरायला जाणारा अख्खा गट आला. खुर्च्या संपल्या. माणसं पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर बसली, कपाटांमधल्या बोळांत उभी राहिली. बाई कॅशच्या टेबलाला धरून नुसत्या बघत राहिल्या. साहित्य मेलं असं जे छापून येतं, ते छापणारे या रस्त्यावर कधी आलेच नसावेत, असं त्यांना वाटलं.

“माझ्यासकट एकशे बारा,” भाऊ शेजारी येऊन पुटपुटला. टेप अजून त्याच्या हातातच होती. “ताई, हे कोण आहेत नक्की? एवढे मोठे आहेत?”

“वाटलं नव्हतं,” बाईंनी कबूल केलं.

सहाच्या ठोक्याला कादंबरीकार आले. काटकुळे गृहस्थ, उजळ धुतलेला जुना शर्ट आणि छातीशी धरलेली कापडी पिशवी. आतली गर्दी पाहून ते दोन पावलं मागे गेले आणि त्यांनी दुकानाची पाटी पुन्हा वाचली.

“बाई, तुमच्याकडे काही कार्य आहे का? मी नंतर येतो.”

“हे सगळे तुमच्यासाठीच आलेत.”

“माझे वाचक मी चेहऱ्याने ओळखतो,” ते हळू आवाजात म्हणाले. “ते सहाजण इथे दिसत नाहीत.”

पण ते बोलले. सुरुवातीला चाचरत, मग सावरत, आणि पुढे तर असे, की बाई टेबल सोडून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कारण श्रोते अपूर्व होते. चाळीस मिनिटांत कुणी उठलं नाही, कुणाचा फोन वाजला नाही. बोलता बोलता त्यांचा हात पिशवीकडे गेला, की एकशे बारा माणसं एकदम पुढे झुकत. हात मागे आला, की एकशे बारा माणसं मागे टेकत. शब्दांची अशी ताकद कादंबरीकारांनी जन्मात अनुभवली नव्हती. शेवटी त्यांचेच डोळे पाणावले.

“कुणाला काही विचारायचंय?” बाईंनी विचारलं.

लॉन्ड्रीवाले काका उठले. “भाषण छानच झालं. आता भेट द्या म्हणजे निघतो.”

“झाली की भेट,” बाई म्हणाल्या.

“कधी? आम्हाला नाही मिळाली.”

“अहो, हे काय, तुमच्यासमोर बसलेत.”

काकांनी कादंबरीकारांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “यांना घरी न्यायचं?”

भावाने आधी दारातल्या फळ्याकडे, मग खडूने पांढऱ्या झालेल्या स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बाईंच्या डोक्यात संध्याकाळचा एकेक संवाद उलगडत गेला आणि स्कूटरपाशी पोचल्यावर त्यांना बसावंसं वाटलं. पण खुर्ची रिकामी नव्हती.

सगळ्यांच्या आधी समजलं ते कादंबरीकारांना. शब्द हा त्यांचा धंदाच. मग त्यांनी पिशवीतून हाताने लिहिलेल्या कागदांची चळत काढली.

“बरोबर आहे यांचं,” ते म्हणाले. “लिहिलंय तर द्यायला हवी. ही माझी नवी कादंबरी. पानं एकशे बावीस. माणशी एक.”

“अहो, एकुलती एक प्रत आहे,” बाई धावल्या.

“सात वर्षं लिहिली. चार प्रकाशकांकडे जाऊन आली. चौघांनी मिळून दहा पानं वाचली, तेवढ्यांना चहाचे डाग आहेत. ती ठेवतो.” आणि त्यांनी अकराव्या पानावर सही केली.

रांग लागली. काकांनी पान दोन्ही हातांत धरलं. “हे हातानं लिहिलंय? सगळं?”

“सगळं.”

“एकसुद्धा ओळ वाकडी नाही,” काका बायकोला म्हणाले, आणि पिशवी घडी करून खिशात घातली. पान पिशवीत टाकायचा त्यांना धीर होईना.

भाऊ उगाच हिशेब जुळावा म्हणून रांगेत उभा राहिला. त्याला साठावं मिळालं.

निघता निघता मावशी पायरीवर थबकल्या. “माझ्या पानावर ती बाई नदीच्या पुलावर उभी आहे. तुमच्याकडे?”

“माझ्याकडे ती हो म्हणते,” कंपाउंडर म्हणाले.

“कुणाला?”

कंपाउंडरांनी पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

सोमवारी मशीनं आली नाहीत. मंगळवारी औषधांच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लागली : ‘आमच्याकडे चौतीस आहे. पस्तीस असल्यास आत यावे.’ लॉन्ड्रीत कपडे द्यायला येणाऱ्याला आधी पान क्रमांक विचारला जाऊ लागला. मावशींनी पुलावरच्या बाईला तिघा गिऱ्हाइकांच्या पानांशी जुळवून पाहिलं, पण तिला अजून पूल ओलांडता आला नव्हता.

बुधवारी सकाळी बाई दुकान उघडत होत्या, तर भाऊ आधीच पायरीवर बसलेला. डोळे तांबारलेले, हातात साठावं पान.

“ताई, त्याने दार उघडलंय आणि पान संपलं. आत कोण आहे? एकसष्ट कुणाकडे गेलं?”

बाईंनी शांतपणे कुलूप काढलं, फळा बाहेर आणला आणि खडू त्याच्या हातात दिला.

“शनिवारी ये. सहा वाजता,” त्या म्हणाल्या. “खुर्ची मिळेलच असं नाही.”