गंजाचा वाटा

सुपडाभाऊंनी आपल्या मोटारसायकलच्या चेनमध्ये प्लॉट पाडले आहेत. पहिल्या वीस कड्यांना गिअर ऑइल, पुढच्या विसांना तिळाचं तेल, मग एरंडेल, मग माझ्या दुकानातला महागडा स्प्रे. हद्दी वहिनींच्या नेलपॉलिशने आखलेल्या. चेनकव्हर कधीच माळ्यावर गेलं, कारण "झाकलेलं पीक दिसते काय बे?"

धाड गावात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे ही शेती माझ्याच दारात चालते. एकदा मी समजावून पाहिलं, "भाऊ, चेन फिरते. सगळी तेलं एकमेकांत मिसळतात."

"वावरातबी वारा एकच वाह्यते. म्हनून पऱ्हाटी अन् तूर एक होते काय?"

त्यांना बिनआवाजाची चेन हवी होती, आणि चार कड्या मात्र ते हट्टाने कोरड्या ठेवत. त्या चार दर फेऱ्याला कर्र करून ओरडत.

"बीटी कपाशीच्या थैलीत साध्या बियाची लहान पुडी येते ना," ते सांगत, "कडेनं पेरा लागते, अळीले खायाले? तसा हा गंजाचा वाटा. त्याचं त्याले भेटलं का तो बाकीच्याले हात लावत नाही."

"पण बोंडअळीनं तर तुमचं सगळंच खाल्लं!"

"कारन पुडी म्या फेकली होती."

पीक गेलं त्याच वर्षी त्यांनी आपला चांद्या बैल विकला. नव्या मालकाचा गोठा बुलढाणा रोडच्या उताराला, यांच्या वावराच्या वाटेवरच. एके दिवशी भाऊ पडेल चेहऱ्याने दुकानात आले.

"त्या चारीलेबी तेल घाल बाबा. आवाज आला का चांद्या वैरन सोडून उठते, दावं ओढते. नव्या घरचं गोड लागलं पाह्यजे ना त्याले."

मी चारही कड्या तेलात न्हाऊ घातल्या आणि पारख करायला मागे बसलो. उतारावर भाऊंनी इंजिन बंद केलं. चेनचा चकार शब्द नाही. गोठ्यात चांद्या आमच्याकडे पाठ करून निवांत चघळत होता. त्याने कानसुद्धा हलवला नाही.

"जमलं," भाऊ म्हणाले.

उतार संपला आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला. खाली बसले, खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्या चार कड्या पुसू लागले. पुसून भागेना, तेव्हा रस्त्याची माती चोळली. दुकानदार म्हणून माझा जीव तीळतीळ तुटला, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मीच चाक फिरवून दिलं.

"गंजालेबी वाटा पाह्यजे," ते पुटपुटले.

परत चढावर गाडी चालू करू देईनात. दोघांनी घाम गाळत ढकलत आणली. गोठ्यासमोर चेन एकदाची कर्र वाजली. चांद्या ताडकन उभा राहिला आणि हंबरला.

"बस ना बे, काऊन उठतं?" भाऊ त्याला रागावले. आणि गाडी मागे घेऊन पुन्हा ढकलू लागले.