हंबीररावांची पायतपासणी

"आधी तुम्ही बूटमोजे काढा," हंबीरराव म्हणाले.

डॉक्टर कुशल शहा पाहतच राहिले. दवाखान्यात बूट काढायचे ते पेशंटने, आणि हा पेशंट तर खुर्चीत ताठ बसून हुकूम सोडत होता. शेजारी हंबीररावांच्या पत्नी संयोगिताबाईंनी पदराने तोंड झाकून घेतले.

त्याचे असे झाले होते. हंबीररावांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढे हाड वर आले होते आणि ऑपरेशनला पर्याय नव्हता. घराण्याची रीत अशी, की दसऱ्याला आजोबांची तलवार घेऊन सीमेपर्यंत पायी जायचे. ज्याला चालवणार नाही, त्याने तलवार पुढच्या भावाकडे सोपवायची. पुढचा भाऊ म्हणजे पादरा गावचे प्रतापराव. त्यांनी चैत्रातच तलवारीसाठी भिंतीवर खुंट्या ठोकून घेतल्या होत्या.

"पाय तुटला तरी तलवार पादऱ्याला जाणार नाही," हंबीरराव म्हणत. पण पाय कोणाच्याही हाती द्यायलाही ते तयार नव्हते. बडोद्यात अलकापुरीकडे नवनवे काचेचे दवाखाने निघत होते, आणि काचेवर त्यांचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो आजोबांच्या परीक्षेवर. आजोबा संस्थानच्या पलटणीत भरतीवर होते. उमेदवाराचा पाय ओला करून फरशीवर ठेवायला लावायचे. ठसा सपाट उमटला की गडी दारातूनच परत. ज्याचे स्वतःचे पाय धड नाहीत तो आपले काय नीट करणार, असा हंबीररावांचा रोकडा हिशेब होता.

शहा मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी हसत पाय ओला केला. ठसा थालीपीठासारखा अख्खा उमटला.

"नापास," म्हणून हंबीरराव लंगडत बाहेर पडले.

दुसऱ्या डॉक्टरांनी घड्याळ दाखवले, तिसऱ्यांनी दार. चौथ्यांकडे फोन केला तर तिथल्या बाईंनी विचारले, "पग जोवावाळा काका तमे ज ने?" म्हणजे पाय बघणारे काका ते तुम्हीच ना? बडोद्यात बातमी त्यांच्या पायांपेक्षा भरभर चालत होती. वैशाख संपला आणि संयोगिताबाईंनी प्रतापरावांना पत्र लिहायची धमकी दिली. हंबीररावांनी घरातली सगळी पोस्टकार्डे उशाखाली घेतली.

शेवटी डॉक्टर नीरजा भेटल्या. त्यांनी एका शब्दाने न विचारता सँडल काढून पाय उमटवला. काय तो ठसा! मधली कमान अशी, की खालून मुंगी ताठ मानेने जावी. अंगठ्याजवळ ऑपरेशनचा बारीक वण. हंबीररावांचा जीव भांड्यात पडला.

"बस्स. माझा पाय तुमच्या हाती."

"पण काका, मी हाताची ऑपरेशनं करते," त्या म्हणाल्या. "माझा अंगठा शहासरांनी केला. तुम्ही त्यांच्याकडेच जा."

दोन दिवस हंबीररावांनी आणखी डॉक्टर शोधून पाहिले. तिसऱ्या दिवशी स्वतःच रिक्षा बोलावली.

शहांनी त्यांना ओळखले, पण चेहऱ्यावर काही दाखवले नाही. पाण्याचा तांब्या तेवढा पुढे सरकवला. हंबीररावांनी पाय ओला केला, छाती पुढे काढून फरशीवर टेकवला आणि उचलला.

थालीपीठ.

"पाय सपाट आहेत तुमचे. हाड वाढायला तेही एक कारण," शहा म्हणाले. "आजोबांनी तुमची परीक्षा घेतली नव्हती का?"

हंबीररावांनी त्या ठशाची कड बोटाने चाचपून पाहिली. संयोगिताबाईंना नवऱ्याची पहिल्यांदाच कीव आली. मग हंबीररावांची मान वर झाली.

"म्हणजे पलटणीचा नियमच चुकला होता," ते म्हणाले. "तारीख द्या."

दसऱ्याला हंबीरराव रुंद सपाता घालून, तलवार खांद्याशी धरून, सगळ्यांच्या पुढे सीमेपर्यंत चालत गेले. परतताना मागे राहिलेले प्रतापराव लंगडत ओट्याशी आले आणि हळूच म्हणाले, "दादा, माझ्याही अंगठ्याचं जरा... तो डॉक्टर कोण रे?"

"चपला काढ," हंबीरराव म्हणाले आणि आतून पाण्याचा तांब्या मागवला.

ठसा अख्खा उमटला. हंबीररावांनी तो वाकून, निरखून पाहिला.

"पास," ते म्हणाले आणि शहांचा पत्ता सांगू लागले.