मौलाभाईंनी वाचलेलं पान

आटपाडीचे मौलाभाई मसाल्याच्या धंद्यात मुरलेले. माल असो नसो, दारात आलेलं गिऱ्हाईक रिकामं जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. म्हणूनच साताऱ्याच्या अजमल मास्तरांनी सहज विचारलं, "तुमच्यात फारसी कुणाला येते का हो?" तेव्हा मौलाभाई म्हणाले, "येती की. मला येती."

मास्तरांच्या लेकीशी, अर्फाशी, मौलाभाईंच्या शाहनवाजचं लग्न जमत आलं होतं. घर शिकलेलं आहे का, एवढंच मास्तरांना बघायचं होतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना साताऱ्याच्या जुन्या ग्रंथालयात बोलावलं.

मौलाभाईंना कसली धास्ती! लहानपणी अरबी अक्षरं घोटलेली. अर्थ कधी कुणी विचारला नव्हता. फारसीची अक्षरंही जवळजवळ तीच.

मोबाईल दारात जमा करून मंडळी दुर्मिळ ग्रंथांच्या खोलीत शिरली. ग्रंथपाल सोनियाताईंनी लाल फडकं सोडून एक फारसी हस्तलिखित पुढं ठेवलं. मौलाभाईंनी डोक्याला रुमाल बांधला, घसा खाकरला आणि असा सूर लावला की त्यांच्या हुसेनबीनं पदर डोक्यावर ओढला, मास्तर चपला बाहेर सोडून आले आणि पेपर वाचत बसलेला एक पेन्शनरही उठून उभा राहिला.

"दुवा दिसते," मास्तर कुजबुजले.

"लेकरांच्या संसाराची हाय," मौलाभाई मध्येच म्हणाले आणि पुढं वाचू लागले.

पान संपलं. मास्तरांनी डोळे पुसले, दोन्ही हात उचलले आणि सगळ्यांत मोठ्यानं 'आमीन' म्हटलं.

सोनियाताईंनी चष्मा वर सारला. "सूर छान आहे तुमचा. पण हे घोड्यांच्या आजारांचं पुस्तक आहे. आत्ताचं पान जुलाबाचं होतं."

अर्फा खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. खांदे तेवढे हलत होते. मौलाभाईंच्या डोळ्यांपुढून पोराची वरात माघारी फिरली.

बाहेर पायरीवर मास्तर चपला घालायला बसले.

"सोयरीक मोडायची तर मोडा, मास्तर," मौलाभाई म्हणाले. "पर लोक कारण इचारणार. मी खरं त्येच सांगणार. जुलाबाला आमीन कुणी म्हटलं, त्येबी."

मास्तरांनी बराच वेळ चपलेचा बंद लावला. "तारीख कधीची धरायची?"

मौलाभाई जिंकून आटपाडीला आले. दुपारी जेवून आडवे झाले, तोच हुसेनबीनं हलवलं.

"आवं, उठा. शेळीचं पोट बिघडलंय. त्ये साताऱ्याचं पान म्हणा की."

मौलाभाईंना एक अक्षर आठवेना. पण गिऱ्हाईक दारात उभं. त्यांनी उशाचा रुमाल घेतला आणि डोक्याला बांधला.