शाळेच्या छत्रीवर टर्की बैसली, त्याची हकिकत

नांगरधाऱ्यांचा कैवारी संत इसिद्रो याचे चरणी डोके ठेवोन, मौजे तेकोलापा येथील पालक समितीचा चिटणीस अपोलिनार लिहितो ऐसीजे. पुएब्ला प्रांतीच्या डोंगरात, ढगांच्याही वरते, आमची सरकारी माध्यमिक शाळा आहे. तीत मास्तर एक, इयत्ता तीन, मुले सतरा, आणि खरा उस्ताद म्हणाल तर भिंतीवरचा टीव्ही. राजधानीहून पाठ निघतात ते छतावरील डिशच्या छत्रीत उतरतात आणि मग पडद्यावर येतात. त्या छत्रीपायी जे रण माजले, ते पाहिले तितके लिहिले, न पाहिले ते विचारून लिहिले, आणि जे थोरांनी दडविले ते मुलांनी न विचारता सांगितले.

राजमान्य ओदिलोन मास्तर चौदा वर्षे या ठाण्यावर. टीव्ही लावावा, खुर्चीत बैसावे, पाठ सरता “समजलं ना?” ऐसे पुसावे, हा त्यांचा कारभार. गणिताचे पाठास ते नेत्र मिटून चिंतन करीत. मुले त्या चिंतनास घोरणे म्हणत.

ईस्टरची दोन आठवड्यांची सुट्टी सरली आणि सोमवारी झेंडावंदन होऊन टीव्ही लाविला, तो पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग छतावर नजर टाकिली. छत्रीची खीळ सुटोन ती परातीसारखी उताणी जाहली होती, आणि तीत शेजारच्या डोन्या, म्हणजे बाईसाहेब, प्रिसिलियाना यांची टर्की बारा अंड्यांवर ठाण मांडून बैसली होती. त्याच दिवशी खलिता आला की, निरीक्षक डॉन फिलेमोन गुरुवारी येतील, आणि वर्ग पाठाविना रिकामा आढळल्यास शाळा मोडोन मुले दरीखालच्या शाळेत धाडितील. ती वाट पिकअप गाडीने दीड तासाची, आणि निम्म्या मुलींस घरचे तेथे धाडणार नाहीत, हे गावास पक्के ठाऊक. मास्तरांचे तोंडचे पाणी पळाले.

प्रथम तहाची बोलणी लाविली. मास्तर गोड पावाची टोपली नजराणा घेऊन डोन्यांचे दारी गेले. डोन्यांनी टोपली ठेवोन घेतली आणि मग बोलल्या, “नातीच्या लग्नाच्या टर्क्या आहेत त्या. अजून सव्वीस दिवस. तिला हलवलीत तर अंडी थंड पडतील, आणि मग लग्नात काय तुम्हाला रांधू?”

“अहो डोन्या, शाळा जाईल.”

“मग शिकवा की. तोंड दिलंय ना देवानं?”

हा घाव मास्तरांचे जिव्हारी लागला, कारण मर्म त्यांचे त्यांस माहीत होते. गुरुवारचा पाठ वर्गसमीकरणांचा, आणि ती विद्या त्यांस कधीच आली नव्हती. चौदा वर्षे ही गोष्ट त्यांनी किल्ल्यातील चोरवाटेसारखी राखिली होती.

तेव्हां मंगळवारी सुलतानढव्याचा बेत केला. डोन्या बाजारास गेल्या ऐसे पाहून, शिडी लावोन, घमेल्याची ढाल करोन, मास्तर खासे छतावर चढले आणि मग टर्कीस पाठ देऊन खीळ शोधू लागले. पाठ दिली हीच चूक. टर्कीने जेथे चोच मारिली ते स्थळ चिटणिशीस शोभत नाही म्हणोन लिहीत नाही. मास्तर उसळले, हवेत गेले, आणि मग खाली निवडुंगाचे झाडीत दाखल जाहले. काटे काढावयास दोन प्रहर लागले. घमेले टर्कीचे कबजात राहिले.

बुधवारी मास्तर वर्गात आले ते खुर्चीत न बैसता उभेच राहिले, मुलांस खाली बैसविले, आणि फळ्याकडे पाहोन हळू बोलले, “उद्याचं गणित मला येत नाही. कधीच येत नव्हतं.”

मग तिसऱ्या इयत्तेतील मुलगी सुरिसादाई बोलली, “ठाऊक आहे मास्तर. मी गेल्या वर्षी मोठ्यांचा पाठ ऐकून उतरवून घेतलाय. तुम्ही तेव्हा चिंतन करत होता.”

मास्तरांचे कान लाल जाहले. परंतु त्यांनी खडू तिच्या हाती दिला, आणि चौदा वर्षांचे ओझे उतरल्यासारखा श्वास सोडिला.

गुरुवारी डॉन फिलेमोन दाखल जाहले आणि वही उघडोन दाराशीच उभे राहिले. टीव्ही बंद, मास्तर मागील भिंतीशी उभे, आणि फळ्यापाशी मुलगी. तिने लिहिले की, छताची उंची दोरीने मोजली ती तीन मीटर, आणि मास्तर पडले ते किती वेळात हे काढायचे.

“छतावरनं पडले?” निरीक्षकांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी मान डोलाविली.

“आधी वर उडाले,” ती बोलली. “सेकंदाला दोन मीटर धरू. तिथं चोच बसल्यावर याहून कमी कोणी उडत नाही.”

मग वेळेस टी म्हणोन, आणि पृथ्वीच्या ओढीचे पाच धरोन, तीन अधिक दोन टी वजा पाच टी वर्ग बरोबर शून्य ऐसे मांडिले, आणि सोळा वह्यांत पेन्सिली चालल्या, आणि उत्तरे निघाली दोन: एक सेकंद, आणि वजा शून्य दशांश सहा.

“हे दुसरं कसलं?” निरीक्षकांनी दरडाविले.

“ते म्हणजे मास्तर चढायच्या आधीच पडले होते. ते सोडून द्यायचं, साहेब. मास्तर तसे नाहीत.”

डॉन फिलेमोन यांची मिशी हालू लागली, मग खांदे, आणि मग ते वही तोंडापुढे धरोन बाहेर गेले. परतले तेव्हां डोळे पुसोन त्यांनी शेरा लिहिला की, टीव्ही नादुरुस्त असता वर्ग चालू, मुले तयार, शाळा मोडण्याचे कारण दिसत नाही.

स्वारी गेली. मास्तर पुढे आले आणि बोलले, “तो पाच कुठून आला, ते परत सांग.”

“मास्तर, तुम्ही चौदा वर्षं शिकवताय.”

“म्हणूनच विचारतोय.”

तिने परत सांगितले, मग आणिक एकदा सांगितले. येणेप्रमाणे एप्रिलचे अखेरच्या गुरुवारी, दोन प्रहर टळता, तेकोलापाची फत्ते जाहली. दप्तरी दाखला आहे: त्या तारखेस, ‘आज काय शिकवले’ या रकान्यात, मास्तरांचे हस्ताक्षर, ‘वर्गसमीकरण. मला समजले.’