धुलाईखोलीच्या फलकावरचे २०:००

तळघरातली सामाईक धुलाईखोली रात्री आठऐवजी नऊपर्यंत उघडी ठेवावी, असा ठराव स्वीडनमधल्या मालमोच्या आमच्या गृहसंस्थेने मार्चमध्ये एकमताने मंजूर केला. प्रश्न आमच्या इमारतीतल्या गुनवोरचा होता. ती मासळीच्या दुकानात हेरिंग साफ करते, साडेसातला घरी येते आणि कामाचा एकुलता एक कोट धुतला नाही, तर सकाळी बसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसत नाही. आता फलकावरच्या '२०:००' चे '२१:००' करणे, एवढेच बाकी होते. फलक बदलल्याशिवाय नियम लागू होत नाही, हे सांगायला नकोच.

काम समितीतल्या तोरकेलकडे गेले, कारण रेखाटनाचे सॉफ्टवेअर फक्त त्याच्याकडे होते. त्याने जुन्या फलकाची पीडीएफ त्यात उघडली. मजकूर दिसत होता, पण तो मजकूर राहिला नव्हता. शब्द धरायला जावे तर एकेक अक्षर सुटे होऊन हाती येई आणि आकडे तर नुसते आकार झाले होते. मूळ फॉन्ट माजी अध्यक्षांच्या संगणकात होता आणि माजी अध्यक्ष संगणकासह कायमचे स्पेनला गेले होते.

"अरे, मग एकचा आकडा नवा टाइप कर की!" अध्यक्षा सिग्ने म्हणाली.

"केलाय. पण दुसऱ्या फॉन्टचा आहे."

सिग्नेने चष्मा लावून पाहिले. "तसा चांगलाय रे. पण हा एक आपल्यातला वाटत नाही."

त्या परक्या एकावर तीन बैठका झाल्या. चौथीत, दालचिनीचे बन खाता खाता, मूळ फॉन्ट मिळेपर्यंत जुना फलकच खरा मानावा असे ठरले.

"आणि माझा कोट?" गुनवोरने विचारले.

"अगं, तत्त्वतः तो धुतलेलाच आहे. ठराव मंजूर आहे ना!" सिग्ने म्हणाली.

गुनवोर उठली, तळघरात गेली आणि पेनाने पहिल्या शून्यावर काट मारून वर एक लिहून आली.

सकाळी फलकाभोवती तीन निनावी, संतापलेल्या चिठ्ठ्या चिकटल्या होत्या. "इथे माणसं राहतात! – एक शेजारी." संस्थेच्या मालमत्तेच्या विद्रूपीकरणाबद्दल गुनवोरची धुलाईची पाळी तीन महिन्यांसाठी रद्द झाली. तेही एकमताने. हात वर करणाऱ्यांत मी होतो. लाज वाटते, बसमध्ये मी हल्ली अगदी मागे बसतो.

हसा खुशाल. परवा बँकेच्या खिडकीपलीकडून "सिस्टीम घेत नाही हो" ऐकून तुम्ही मान डोलावून परत फिरलात, तेव्हा पेन तुमच्याही खिशात होते.